ओपा फोटोत यायचे नाहीत

कुणी फोन वर धरून "सगळे जवळ या" म्हटलं, की ओपा उठायचे. कधी त्यांना कॉफी आठवायची, कधी औषध. आमच्या लग्नात तर ते त्या वेळी गाडीत जाऊन बसले होते. नागपूरहून आईने फोटो पाहिले आणि विचारलं, "जावयांचे आजोबा एकाही फोटोत कसे नाहीत गं? रुसलेत का आपल्यावर?"

ओपा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, पीटरचे आजोबा. जर्मनमध्ये आजोबांना ओपा म्हणतात. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला ते आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एकटेच राहायचे. अठराव्या वर्षी ते जर्मन सैन्यात होते. अमेरिकनांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून मिशिगनला आले. इथे त्यांना बीटाच्या शेतात कामाला लावलं. युद्ध संपल्यावर परत पाठवलं, तर तिकडे घरच उरलं नव्हतं. काही वर्षांनी त्याच शेतकऱ्याने हमी दिली, ओपा परत आले, त्याच्या मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. एवढी गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तिच्या पुढचं कुणी विचारत नसे.

माझ्यावर त्यांचा फार जीव. बर्फ पडला की सकाळी सातला फोन यायचा, "आज बसने जा. गाडी काढू नकोस." माझ्या वरणाला ते पिवळं सूप म्हणायचे आणि दोनदा मागून घ्यायचे. ग्रीन कार्डाचा फॉर्म मी भरत होते, तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे ओपा शेजारी खुर्ची ओढून बसले.

"विचारलं तेवढंच लिही," ते म्हणाले. "जास्तीचं लिहिलेलं मग पुसता येत नाही." जरा वेळाने हळूच विचारलं, "माझं नाव कुठे आहे का यात?"

"नाही, ओपा."

"बरं झालं."

इंटरव्ह्यूला मात्र त्यांनी बरोबर यायचा हट्ट धरला. मी आणि पीटर आत गेलो, ते टाय लावून पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून नेलेला आमचा अल्बम अधिकारी बाई चाळत होत्या. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "सासरी तुम्हाला सगळ्यांत जवळचं कोण वाटतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पीटरचे आजोबा."

"यातले कोणते?"

पीटर म्हणाला, "त्यांना फोटो आवडत नाहीत." बाईंनी वर न बघता काहीतरी लिहिलं. निर्णय पोस्टाने कळेल, म्हणाल्या.

पीटर पार्किंगचं मशीन शोधायला गेला आणि मी गाडीपाशी आले. ओपांनी काच खाली केली. "काय विचारलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. ऐकून ते काठी घेऊन उतरले आणि इमारतीकडे चालू लागले. "मी कोण ते मीच जाऊन सांगतो. माझ्यामुळे तुझं अडायला नको."

मी मागे धावले. अपॉइंटमेंटशिवाय आत सोडता येत नाही, असं दारावरच्या गार्डने नम्रपणे सांगितलं. ओपा तिथेच उभे राहिले. बारीक बर्फ पडायला लागला होता. त्यांनी माझा दंड धरला.

"मी इथे परत आलो तेव्हा फॉर्मवर विचारलं होतं, कुठल्या तुकडीत होतास. ते मी लिहिलं," ते म्हणाले. "एका गावात काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मी तिथे..."

"ओपा, थंडी आहे. घरी जाऊ या."

थंडी होतीच. पण मी त्यासाठी थांबवलं नव्हतं. ते वाक्य पूर्ण झालं असतं, तर पुढच्या वेळी एखाद्या अधिकाऱ्याने विचारल्यावर मला ते माहीत असणार होतं. आणि जेवताना समोर बसलेला माणूस मला वेगळा दिसला असता. ओपांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि परत गाडीकडे वळले.

कार्ड सात आठवड्यांनी आलं. ओपांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मला जवळ घेतलं. गावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी रोज ठरवायचे, आज विचारू. आणि रोज टाळायचे. मार्चमध्ये ते झोपेतच गेले.

पीटरने त्या दिवशी मशीनपासून आम्हाला पाहिलं होतं. तो अजूनही अधूनमधून विचारतो, "त्या दिवशी दारापाशी ओपा तुला काय सांगत होते?"

"काही नाही," मी म्हणते. "पाय घसरेल म्हणून माझा हात धरला होता."