घेवड्याच्या वाफ्यातली पाटी

आकाराम सुभेदार पेन्शनीवर घरी आले आणि परसातल्या भाजीच्या हात धुऊन मागे लागले. फौजेत ट्रंकेपासून ताटलीपर्यंत सगळ्यावर नाव घातलेलं. मग बिचाऱ्या भोपळ्यानं बिननावाचं का राहावं? तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी पाट्या केल्या. वर भाजीचं नाव, खाली पेरणीची तारीख. यंदा मुळा कुठं होता, पुढं तिथं काय लावायचं, सगळं वहीत. बायको अंजनाबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

"आवं, दोडक्याला काय परेडला उभा करताय व्हय?"

त्यांची स्वतःची आखणी निराळी होती. माण तालुक्यात पाण्याची कायमची बोंब. आंघोळीच्या सांडपाण्यावर बाईनं नवऱ्याच्या सगळ्या नोकरीभर परस हिरवं ठेवलं होतं, आणि त्या परसाचं पंचांग म्हणजे सुभेदारांची सुट्टी. येतोय असं पत्र आलं की घेवडा मातीत जायचा. माणूस दहिवडीच्या स्टँडवर उतरायचा तेव्हा शेंग अगदी कोवळी असायची. सुट्टी रद्द झाली तर तो घेवडा वेलावरच जून व्हायचा. बाई एक शेंग तोडून खायच्या नाहीत, सगळं बियाला ठेवायच्या. असली वेडी माया.

पुढं एका पावसाळ्यात वहीनंच घोटाळा दाखवला. एकाच वाफ्यात, एकाच आठवड्यात, तीनदा घेवडा टोकलेला. सुभेदार खेकसले, "अगं, आधी वहीत बघावं की! डोकं हाय का न्हाई?" अंजनाबाई मुठीत बी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, तो मागं फिरत नाही. ते खेकसणं सुभेदारांना अजून घास गिळू देत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, वस्तूंची नावं रोज वाचून घेत जा. पाट्या तर तयारच होत्या. सकाळी दोघं वाफ्यावाफ्यानं फिरायची आणि अंजनाबाई शाळकरी पोरीसारख्या मोठ्यानं वाचायच्या: वांगी, दोडका, अंबाडी. हळूहळू त्या नवऱ्याकडंही परक्या नजरेनं बघायला लागल्या, तेव्हा सुभेदारांनी तशीच एक छोटी पाटी करून स्वतःच्या खिशाला टाचली. 'आकाराम.' त्यांना आता एवढंच हवं होतं, की हिनं एकदा आपल्याला ओळखावं.

पण त्या पाटीपाशी आलं की बाई गप्प. मान खाली, पदर डोक्यावर.

"वाच की. चारच अक्षरं हायती."

"न्हाई."

आणि त्या पुढच्या वाफ्याकडं निघून जायच्या. सुभेदार मनातून पार खचले. अंबाडी आठवते, वांगं आठवतं, आणि ज्याच्याबरोबर जन्म काढला तो नाही! सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, पण न्हाणीचं दार लावून रडायचा.

मागच्या महिन्यात त्यांनी सदरा धुवायला काढला, तर खिशाची पाटी गायब. शोधत परसात आले. अंजनाबाई घेवड्याच्या वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. पाटी मातीत रोवलेली, आणि बाई तांब्यानं तिला पाणी घालत होत्या.

"हे काय लावलंस?"

त्यांनी दचकून पदर सावरला. "भाऊ, ही पाटी तुमच्या खिशाला कशी वो? ही आमच्या घरातल्यांची हाय."

बायकोच्या तोंडचं ते 'भाऊ' ऐकून सुभेदार वाफ्याच्या कडेला बसले.

"काय नाव त्यांचं?"

बाई चक्क लाजल्या. "आता गं बया! नवऱ्याचं नाव घ्यायचं असतंय व्हय? तुमी तर रोज मलाच वाचाया लावताय. वाचा की तुमचं तुमी."

तेव्हा कुठं सुभेदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. नाव गेलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय जे तोंडातून निघालं नाही, ते बाईनं तसंच जपून ठेवलं होतं. फक्त समोर बसलेला म्हातारा त्या नावाचा धनी उरला नव्हता.

"लय दीस झालं, त्यांचं पत्तर न्हाई," त्या सांगू लागल्या. "म्हटलं, लावून ठिवावं. घेवड्याला शेंग धरली की येत्यातच ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "भाऊ, खाली तेवढी तारीख घाला. त्यास्नी तारखेबिगार चालत न्हाई."

सुभेदार उठले. रंगाची डबी आणि ब्रश घेऊन आले, पाटी पुसली आणि नावाखाली त्या दिवसाची तारीख घातली. अंजनाबाईंनी वाकून अक्षर निरखलं.

"बेस," त्या म्हणाल्या. "अगदी त्यांच्यावानीच लिवताय." आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी पाटीच्या बुडाशी ओतलं.