नाल्याच्या पुलावरची सकाळ

आमचा मुलगा सातव्या महिन्यातच जन्मला आणि अकोल्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. बायको त्याच्यापाशी, माझी आई बायकोपाशी. वडनेरला घरी राहिलो मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी. तिच्या वेण्या घालायच्या, डबा भरायचा, शाळेत सोडायचं, मग वांग्याच्या वावरात जायचं. हे सगळं जमत होतं. जमत नव्हता तो फोन. बायको सांगायची, "आज वजन वीस ग्रॅम वाढलं," आणि मी "बरं" म्हणायचो. पण घंटी वाजल्यापासून तिचा आवाज येईपर्यंत मी मनातल्या मनात पोराला पुरून आलेलो असायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मुलीला मोटारसायकलवर पुढं बसवून शाळेकडे निघालो होतो. नाल्याच्या पुलावर अचानक छाती आवळली. श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, हँडल धरवेना. गाडी कशीबशी कडेला लावली आणि कठड्याला टेकून खाली बसलो. आपण आता मरणार, याची मला खात्रीच झाली. तेही पोरीसमोर.

"बाबा, काऊन थांबले तुमी?"

"काई नाई. गाडी गरम झाली."

ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. गाडीकडे तिनं पाहिलंही नाही.

दहाएक मिनिटांत धडधड उतरली. त्याच दिवशी नांदुऱ्याला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे. कसली काळजी आहे का तुम्हाला?" मी नाही म्हणालो. आणि त्या पट्टीवर माझा विश्वासही बसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद. पायी जायचो, पूल आला की तिचा हात घट्ट धरायचो. घरात दाराची कडी लावायचो नाही. मी आत पडलो तर तिचा हात कडीपर्यंत पुरणार नाही. शेजारच्या वहिनींचा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. "मी पडलो अन् बोललो नाई, तर काय करशील?" रोज विचारायचो. ती शहाण्यासारखी दहाही आकडे म्हणून दाखवायची. मला वाटायचं, मी तिची सोय करून ठेवतो आहे.

आठवड्याभरानं शाळेतल्या मॅडमनी मला फाटकाशी थांबवलं.

"भाऊ, घरी काय चालू आहे? पोरगी डबा खात नाही. दारापाशीच बसते, रस्त्याकडे पाहत राहते. काल विचारलं तर म्हणे, बाबा रस्त्यात पडले तर मले इथून दिसले पाह्यजेत."

मी वावरात गेलो नाही. सरळ वहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर मेथी निवडत होत्या.

"वहिनी, मले भेव वाटून राह्यलं. दिवसभर."

असं वाक्य मी आयुष्यात कोणापाशी बोललो नव्हतो. त्यांनी मेथी बाजूला सारली. "मंग एकटेच काऊन सोसून राह्यले? पोरगी शाळेतून माह्याकडे येईल. तुमी आजच खामगावले जा. तिथं मनाचा डॉक्टर आहे, माह्या भावाले गुण आला."

त्या डॉक्टरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मुलीला काय सांगितलंय?" तिथंच खुर्चीत रडलो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "तिला खरं सांगा, झेपेल एवढं. आणि तो नंबर रोज म्हणून घेणं थांबवा."

संध्याकाळी तिला जवळ घेतलं. "बाबू लय लहान आहे, म्हून बाबाले भेव वाटते. भेव वाटलं की छाती धडधडते. त्यानं कोणी मरत नाई."

"मंग मी दारापाशी बसू नोको?"

"नोको बसू."

तरी दोन दिवस ती तिथंच बसली. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा आला.

बायकोलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मलेही तसंच होते. पेटीची घंटी वाजली की." एवढे दिवस आम्ही दोघंही एकमेकांना बरं आहे म्हणून सांगत होतो.

मुलगा दोन महिन्यांनी घरी आला. भीती मात्र त्या दिवशी गेली नाही. तो गाढ झोपला की श्वास चालू आहे ना, ते पाहायला मी अजून त्याच्या नाकाशी बोट धरतो. परवा दुपारी बायकोनं मला तसं पाहिलं.

"मी आत्ताच पाह्यलं," ती म्हणाली. आणि तरीही पुन्हा एकदा त्याच्यावर वाकली.