थंड ज्योत आणि निऑनवाले चाचा

आमच्या प्रयोगशाळेत जखमा भरून आणणारी थंड ज्योत तयार करण्याची खटपट चालली होती. बारीक काचेच्या नळीतून हेलियम सोडायचा, वीज द्यायची, की टोकाशी जांभळट ज्योत उमटे. तिच्यात बोट धरलं तरी भाजत नसे. विजेनं उजळलेला हा वायू म्हणजेच आमचा प्लाझ्मा. तशा नळ्या मात्र एकच माणूस करून देई: नारायण पेठेत दुकानांच्या निऑन पाट्या बनवणारे चाचा. एलईडी आल्यापासून त्यांचं काम जवळजवळ थांबलं होतं.

केंद्राच्या अनुदानासाठी मी प्रस्ताव लिहिला, तेव्हा काचकाम करणाऱ्याची एक जागाही मागितली. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, यंत्रं मागा. माणसं मागितली की फाइल परत येते."

मी ती ओळ खोडली नाही.

प्रस्ताव तपासायला दिल्लीहून समिती आली त्याच सकाळी, जोडणी करताना माझ्याच हातून नळी तडकली. दुसरी नव्हती. चाचांना फोन केला. ते स्कूटरला बर्नर बांधून हजर झाले आणि समितीसमोरच काच तापवायला बसले.

अध्यक्षबाई जवळ आल्या. "आपण प्लाझ्मा कुठं शिकलात?"

"शिकतोय कुठला, मॅडम! काच वाकवायची, गॅस भरायचा, वीज द्यायची. तीस वर्षं दुकानांची नावं पेटवली. त्याला प्लाझ्मा म्हणतात, हे या बाईंकडून कळलं."

नळी बसवली. ज्योत लागली. अध्यक्षबाईंनी अंगठी काढून बोट पुढे केलं आणि मोठ्यांदा हसल्या.

अनुदान मिळालं. जागाही मिळाली, कायमची नव्हे, पाच वर्षांची. चाचांच्या हाताखाली दोन विद्यार्थिनी शिकू लागल्या. त्यांच्याकडून रोज काहीतरी फुटे. "फोडा, फोडा," चाचा म्हणत, "सरकारनं काच त्यासाठीच दिलीय."

पुढे एका रुग्णालयात, रीतसर परवानगीनं, ज्योतीची चाचणी सुरू झाली. वारज्याच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पायाची जखम मधुमेहामुळे कित्येक महिने भरत नव्हती. ज्योत देऊ लागल्यावर हळूहळू जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात काही ठरवू नका. तरी मी चाचांना घेऊन गेले.

त्यांनी वाकून पाय पाहिला. "ताई, चटका बसतो का?"

"छे हो. फुंकर घातल्यासारखं वाटतं. पण टाचेकडे नीट पोचत नाही."

चाचांनी बोटानं टाचेचं वळण मोजलं. दुपारी प्रयोगशाळेत परतलो तेव्हा चहाला न थांबता त्यांनी बर्नर पेटवला आणि दोघी मुलींना हाक मारली.