आमचे घरमालक आणि पूर्वसूचना

दार ही वस्तू घराला केवळ शोभेसाठी लावतात असं प्रामाणिकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. इंदिरानगरात त्यांचा दुमजली बंगला. वर काका एकटे, खाली मी आणि माझी बायको. मालकाने भाडेकरूच्या घरात येण्यापूर्वी सूचना द्यावी, हे कलम करारात त्यांनीच वकिलाकडून हौसेने घालून घेतलं होतं. सूचना ते देतही. फक्त आत आल्यावर. ‘मी आलोय बरं का’ हे आम्हाला बहुधा आमच्याच स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. जादा किल्ली खिशात आणि निमित्त तोंडावर: कधी नळ गळतोय का बघायचं, कधी चौकटीला वाळवी लागलीय का. एकदा मी टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आलो, तर गृहस्थ सोफ्यावर पेपर वाचत बसलेले. मान वर न करता म्हणाले, गीझर फार वेळ चालू ठेवता तुम्ही. माझे सासरे मालेगावहून आले तेव्हा घरात आम्ही दोघंही नव्हतो. दार काकांनी उघडलं, पाणी काकांनी दिलं, आणि मी ऑफिसातून येईपर्यंत दोघांची अशी गट्टी जमली की जावयाला कोणी विचारीना.

शेवटी बायकोनेच विषय काढला. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ती शांतपणे म्हणाली, “काका, धरणातून पाणी सोडतानासुद्धा नदीकाठच्या लोकांना आधी इशारा देतात ना?”

काकांचा चेहरा उतरला. करार त्यांनी कधी मनावर घेतला नव्हता, धरण घेतलं.

त्या दिवसापासून इशारे सुरू झाले. सकाळी जिन्यातून आवाज यायचा, दुपारनंतर येण्याची शक्यता आहे. दुपारी फोन, आता निघतोय. निघायचं म्हणजे एक जिना उतरायचा. बेल वाजवली की चार पावलं मागे सरकून उभे राहायचे. सहज चहाला बोलावलं, तर म्हणायचे, आज सूचना दिलेली नाही, उद्या बघू.

एका रविवारी आम्ही वणीला गडावर गेलो आणि मागे बेसिनखालचा पाइप निसटला. गडावर फोन लागत नव्हता. संध्याकाळी परतलो, तर काका आमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात किल्ली. दाराखालून पाणी येताना दिसताच त्यांनी गच्चीवरचा कॉक बंद केला होता, व्हरांड्यातलं पाणी खराट्याने लोटलं होतं. दार मात्र उघडलं नव्हतं.

“फोन लावत होतो,” ते म्हणाले. “तुमची परवानगी नव्हती.”

आत तांदळाची गोणी भिजलेली, गादी खालून ओलीचिंब. बायकोला हसावं की रडावं कळेना. अशा वेळी सरळ आत यायचं असतं काका, असं ती म्हणाली. तरी ते उंबऱ्याशीच थांबले.

“आम्ही इथंच, खाली राहायचो,” ते म्हणाले. “तुमची काकू गेली, मग मी वर गेलो. या दाराची बेल वाजवायची सवयच नव्हती हो मला.”

मग आत येऊन, वाकून, भिजलेले तांदूळ परातीत काढू लागले.

आता आम्ही पाथर्डी फाट्याजवळ आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथे खालून आधी फोन येतो. आम्ही हो म्हटल्याशिवाय कोणी लिफ्टपर्यंतही पोचत नाही. फार शांतता असते. काकांना या म्हटलं की ते येतो म्हणतात, पण अजून आलेले नाहीत. बायकोने वॉचमनला सांगून ठेवलंय, एक उंच, म्हातारे गृहस्थ येतील, त्यांना काही विचारू नका, सरळ वर सोडा. वॉचमन बदलला की नव्या वॉचमनला ती पुन्हा सांगते.