कांद्याची सालं आणि एकशेदोन टक्के

९ मार्च, सोमवार. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. धोब्याने उशीचा एक अभ्रा कमी आणला. भाऊजींनी कांद्याची सालं उकळायला माझा मोठा कुकर घेतला, न विचारता. उद्या त्यांची मुलाखत. जाऊबाईंचं डोकं दुखतं आहे. घरभर वास.

थोरल्या वहिनींनी एवढं लिहून पेनाला टोपण लावलं, तेव्हा त्यांचे धाकटे दीर, कॉलेजातले रसायनशास्त्राचे सर, कुकरसमोर हाताची घडी घालून उभे होते. चेहरा असा, की शिट्टी झाली म्हणजे आतून सालांचा काढा नव्हे, विभागप्रमुखाची खुर्चीच बाहेर येणार.

खुर्ची खरोखरच रिकामी झाली होती. सर अर्धं आयुष्य प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, गळक्या बेसिनशेजारच्या टेबलावर बसत आले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं दुसऱ्या कॉलेजांत प्रमुख होऊन बसली, आणि भेटली की "सर, अजून तिथंच का?" असं फार प्रेमाने विचारत. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. ही खुर्ची गेली, की बेसिनशेजारूनच निरोपसमारंभ.

निवड संशोधनावर होणार होती, आणि सरांचं संशोधन म्हणजे कांद्याची सालं. कारखान्यात पोलादावरचा गंज काढायला ते ॲसिडमध्ये बुडवतात. पण ॲसिडला कुठे थांबावं ते कळत नाही. गंज संपला की ते चांगल्या पोलादालाही तोंड लावतं. त्याला आवर घालायला त्यात औषध टाकतात, आणि ती औषधं विषारी. सरांचं म्हणणं, विष कशाला? सालांचा अर्क टाका. तो पोलादाला चिकटून बसतो आणि ॲसिडला जवळ येऊ देत नाही. संरक्षण मोजायचं ते पोलादाची पट्टी ॲसिडात बुडवून: तिचं वजन जराही घटलं नाही, तर शंभर टक्के. कल्पना वाईट नव्हती. वाईट एवढंच होतं, की ती सरांना सुचली आहे हे सरांना विसरता येत नव्हतं.

गल्लीतल्या प्रत्येक घराला त्यांनी सालं वेगळी ठेवायला लावली होती. "कचरा म्हणू नका, कच्चा माल म्हणा," असं ते दारोदार सांगत. समोरची शिंपीणबाई पिशवी देताना म्हणायची, "घ्या सर, कच्चा माल. आत एक सडका बटाटाही आहे, त्याचंही काही जमतंय का बघा."

"वहिनी, उद्या समितीपुढे ताज्या अर्काची बाटली ठेवणार," सर कुकरकडे बघत म्हणाले. "अठ्ठ्याण्णव टक्के संरक्षण! खरं तर एकशेदोन आलं होतं."

"शंभरातले एकशेदोन?"

"हो. पण दिसायला उर्मट दिसतं. म्हणून विनयाने अठ्ठ्याण्णव केलं."

एवढा विनय सरांनी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवला नव्हता.

वहिनींनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची लोखंडाची पट्टी ॲसिडमध्ये राहून वजनाने वाढली?"

"किंचित."

"अंगाने भरून आली म्हणायची. ॲसिडात होती की माहेरी गेली होती?"

आतल्या खोलीतून, डोकं दुखत असतानाही, सरांची बायको फस्सकन हसली. सर रागावले. "विज्ञानाची चेष्टा करू नये, वहिनी," म्हणाले आणि कुकर गार व्हायची वाट न पाहता चपला घालून बाहेर पडले.

पण वहिनींचा शब्द पायात काट्यासारखा मोडला होता. कॉलेजात पोचेपर्यंत तो सलत राहिला. वाढलं ते पोलाद कसं असेल? पोलाद वाढत नाही. त्यांनी कपाटातून पट्ट्या काढल्या. ज्या तपकिरी चकाकीला ते "संरक्षक कवच" म्हणत, तिला नख लावलं. नखाखाली कांद्याच्या सालाचा चिकट राप आला. ॲसिडने खाल्लेलं वजन त्या रापाने भरून काढलं होतं, वर थोडं जास्तच. वजन करण्याआधी पट्टी घासून स्वच्छ करायची असते, हे सर दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगत. स्वतःच्या पट्टीवरचं कवच मात्र इतकं देखणं दिसत होतं, की त्यांना घासवलं नव्हतं.

त्यांनी ब्रश घेतला, साबण घेतला, पट्ट्या घासल्या, वाळवल्या आणि तराजूत ठेवल्या. हिशेब पुन्हा पुन्हा केला. दर वेळी एकसष्ट.

रात्री ताटावर बसून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"दोन्ही आकडे तुमचेच ना?" ती म्हणाली.

"माझेच."

"मग मोठा सांगा. लहान घरात ठेवू."

"अगं, पण खरा..."

"अहो, तुम्ही लग्नात पगार किती सांगितला होता, आठवतंय? तो मी घासून बघितला का कधी?"

सरांनी ताटात आणखी भात घेतला. ठरलं, अठ्ठ्याण्णवच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे दोन्ही उमेदवार समोरासमोर बसले. दुसरे होते संत्री सर. त्यांचं काम संत्र्याच्या सालांवर. वयाने लहान, आवाज मऊ, सदरा इस्त्रीचा. कांद्यापुढे संत्रं, म्हणजे वासातच निम्मी लढाई हरलेली. आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "आमच्या अर्काने नव्व्याण्णव पूर्णांक तीन टक्के संरक्षण मिळतं."

अध्यक्षांनी मान डोलावली. ते इतिहासाचे होते आणि त्यांना एवढंच ठाऊक होतं, की नव्व्याण्णव हे शंभराच्या अगदी दाराशी असतं.

सर टेबलावर वाकले. संत्री सरांनी ठेवलेल्या पट्टीवरही तसाच राप होता, फक्त रंग पिवळट. तो माणूस घासत नव्हता! हे सांगायलाच हवं होतं. पण आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही सोय आज नव्हती. दुसऱ्याचं उघडं पाडायचं तर आधी स्वतःचं उघडायला हवं.  मग मत्सराने त्यांना जे करायला लावलं, ते तत्त्वाने इतक्या वर्षांत कधी जमवलं नव्हतं.

"साहेब, माझा अठ्ठ्याण्णव हा आकडा चूक आहे," ते उभे राहून म्हणाले. "पट्टीवर सालांचा राप होता. काल घासून वजन केलं. खरा आकडा एकसष्ट. आता यांना विचारा, यांनी घासली का?"

"माझ्या पट्ट्या घासायची गरज पडत नाही," संत्री सर मऊपणे म्हणाले. "त्या स्वच्छच निघतात."

"बघितल्यात?"

"आकडा बघितला ना."

अध्यक्ष सरांकडे वळले. "म्हणजे तुमचं औषध काल अठ्ठ्याण्णव होतं आणि आज एकसष्टावर आलं? खालावलं का?"

"नाही साहेब, मी पट्टी घासली."

"मग घासलीत कशाला?" अध्यक्षांनी मनापासून विचारलं.

यावर रसायनशास्त्रात उत्तर होतं, पण ते या खोलीत चालण्यासारखं नव्हतं. बाहेर यायच्या आतच सरांच्या लक्षात आलं, की खुर्ची संत्र्याच्या वासाची झाली.

घरी आल्यावर बायकोने फक्त विचारलं, "किती सांगितलं?"

"एकसष्ट."

"कुणी विचारलं होतं का?"

"कुणी नाही."

ती पंखा लावून खाली बसली. मग म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढं खरं बोलला नव्हतात."

सरांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि मान ताठ झाली. "मी तत्त्वाने चालतो," ते म्हणाले. दुसऱ्या घोटापर्यंत त्यांचा त्यावर स्वतःचाही विश्वास बसला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "संत्री सरांनी नव्वदच सांगितलं असतं, तर तुमचं तत्त्व उठलं असतं का जागेवरून?"

सरांनी चहा संपवला.  मग कप विसळून त्यांनी पालथा ठेवला आणि हळू म्हणाले, "पण एकसष्ट वाईट नाही हो, वहिनी. कांद्याच्या मानाने."

"वाईट नाही," वहिनी म्हणाल्या. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही.

दिवे लागल्यावर त्यांनी डायरी उघडली. १० मार्च, मंगळवार. दिवसभर कोरडं. भाऊजींची निवड झाली नाही. अभिनंदनाला येणाऱ्यांच्या चहासाठी जास्तीचं घेतलेलं दूध उरलं. विरजण लावलं.