थैलीतली छोटी पुडी

मलकापूरच्या फलाटावर भाऊ आमच्या डब्याच्या खिडकीची सळई धरून उभा होता. आत मी, बायको, सहा वर्षांची मुलगी, चार गाठोडी आणि एक कुकर. गाडी सुटायला सात मिनिटं होती. गाडीला धक्का बसला तेव्हा तो म्हणाला, "पुण्याले जाऊन राह्यला तं जाय. पण बियाण्याचं तूच सांगत जाय, बापू. मी दुसऱ्या कोणाचं आयकत नाही."

आमची आठ एकर काळी जमीन भाऊच करायचा. मी मलकापुरात बियाण्याच्या दुकानात काउंटरवर होतो. बीटी कपाशी आमच्या भागातल्या कितीतरी घरांत माझ्या हातून गेली. पहिल्या काही वर्षांत बोंडं अशी फुटली की वेचायला बाया मिळेनात. मग फवारण्या पुन्हा वाढल्या, उतारा घटला, आणि आठ एकरांत दोन घरं बसेनात. म्हणून धाकटा निघाला. निघताना भीती होती ती शहराची. भावाच्या त्या वाक्याची भीती वाटायला पुढे बारा वर्षं जावी लागली.

चाकणजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी "मले चावी पाहिजे" म्हणालो आणि दोघे हसले. तेव्हापासून तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायची सवय लागली. आता घरात सगळे मला-तुला करतो. भावाचा फोन आला की 'मले' तोंडात यायला एक-दोन वाक्यं जातात, आणि तेवढ्यात तो ओळखतो. "साहेब झाला बे तू," म्हणतो.

पुढे स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर गेलं. शेजारच्या विभागात डिप्लोमावाले आले. माझं शिक्षण बारावी सायन्स, बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्धवट. कोणत्या सोमवारी मला बोलावून घरी बसवतील याचा मी रोज विचार करायचो. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिने दाखवलं की मोठमोठ्या विद्यापीठांचे विज्ञानाचे आणि इंजिनिअरिंगचे कोर्स फोनवर मिळतात, आणि पैसे लागत नाहीत. मी तिला तीनदा विचारलं की यात मेख काय आहे. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "फोकटचं शिकून कोण इंजिनेर झालं बे?"

कंपनीच्या बसला जाताना पन्नास मिनिटं लागायची, येताना तासभर. लेक्चर अर्ध्या तासाचं. जाताना एकदा ऐकायचं, येताना तेच पुन्हा, कारण इंग्रजी पहिल्या फेरीत निम्मंच कळायचं. असे दोन कोर्स पूर्ण केले, संख्याशास्त्र आणि पदार्थविज्ञान. तिसरा घेतला इंजिनिअरांसाठी जीवशास्त्र. तो कामाचा नव्हता. फुकट आहे तर घेऊन ठेवावा, एवढाच हिशेब.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे गुलाबी बोंडअळी पडली होती. वरून बोंड धडधाकट, फोडलं की आत किडकी सरकी आणि काळवंडलेला कापूस. बीटीला अळी लागत नाही, हे मीच काउंटरवरून सांगितलं होतं. भावाने दिवाळीनंतर सहा एकर उभी पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून टाकली. फोनवर एवढंच म्हणाला, "औंदा गेलं."

कोर्सच्या पाचव्या आठवड्यात प्राध्यापकांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्याच्या चारही बाजूंनी पाच-पाच रेघा ओढल्या. मी व्हिडिओ थांबवला. हे चित्र माझ्या हातातून हजारो वेळा गेलं होतं.

बीटीच्या थैलीत साडेचारशे ग्रॅमचं मोठं पाकीट यायचं आणि सोबत एकशे वीस ग्रॅमची छोटी पुडी, बिगर बीटी बियाण्याची. सोबत एक घडीचा कागद, त्यावर हेच चित्र. गिऱ्हाईक विचारायचं, "ही फोकटची पुडी कायची?" मी सांगायचो, "नांग्या पडल्या तं भरा. दाणा आहे, फेकू नका." नांग्या म्हणजे बी न उगवल्यामुळे ओळीत राहिलेल्या मोकळ्या जागा. दाणा वाया घालवू नये, ही आईची शिकवण. मला वाटायचं मी नेकीचा सल्ला देतो आहे. दुकानाचे मालक, हाजीसाहेब, एकदा म्हणाले होते, "बापू, कागज भी बताव जरा लोकायले." पेरणीच्या गर्दीत कागद कोण उलगडतो? नांग्या थोड्याच असायच्या. चिमूटभर दाणे लागायचे आणि उरलेली पुडी खिडकीत पडून राहायची.

ती पुडी शेताभोवती पाच ओळी लावण्यासाठी होती. त्या ओळी अळीने खायच्या. तिथे साध्या अळ्या जगायच्या, आणि बीटी पचवणारी एखादी निघाली तर तिची जोडी साध्यांशी लागून पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडायची. पाच ओळी सोडायच्या, बाकी रान राखायचं.

बोंडअळी एवढ्याच कारणाने आली असं मी म्हणत नाही. फरदड होती, म्हणजे हंगाम संपल्यावरही पराटी उभी ठेवणं. बोगस बियाणं होतं. वहीत मी माझा वाटा काढायचा प्रयत्न केला. एका हंगामात किती थैल्या, किती हंगाम, किती गावं. गुणाकार जमला, वाटा काही निघाला नाही. आठ दिवस बसमध्ये पुढचं लेक्चर लावायचा धीर झाला नाही.

मे महिन्यात बियाण्यासाठी भावाचा फोन येतोच. त्याआधी मीच केला. सगळं सांगितलं.

"हे कागदावर होतं?"

"हो. चित्रासकट."

"तुवा वाचला होता?"

"नाही."

"मले वाटे तू वाचूनच सांगतं."

एवढंच. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, यंदा तू तरी पाच ओळी लाव. तो म्हणाला, "म्या एकट्यानं लावून काय होते? अळी काय सातबारा पाहून येते? दुकानात तुवा लोकायले तोंडावर सांगितलं, आता तोंडावरच सांग. पेरणीच्या आधी ये."

रजेचा अर्ज दिला आहे, चार दिवसांचा. हे लिहितो आहे ते तुमच्यासाठी, ज्यांना मी ती पुडी दिली, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांच्यासाठीही. इथे माझं काही चुकलं तर मेमो मिळतो, सही केली की प्रकरण संपतं. तिथे मला गिऱ्हाइकांची नावं पाठ आहेत, कोणाचं शेत नाल्याकाठी आणि कोणाचं बरड हेही. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलं आहे: जिथे माझ्या शब्दावर पेरणी झाली.

पारावर उभा राहून सांगेन. कोणी उठून जाईल, कोणी बोलेल, त्याची तयारी केली आहे. भीती आहे ती त्यानंतरची. सगळं ऐकून घेऊन कोणीतरी विचारेल, "मंग औंदा काय पेरू, बापू?" आणि मी सांगेन तेच पेरतील.