राजम्याचा विषय

माझे सासरे कुकरच्या ड्यूटीवर असताना गेले.

हसू आलं तर हसा. अण्णांना चालायचं.

आज वर्ष झालं. तिथीचं सगळं मागच्या आठवड्यात पार पडलं, आज नुसती तारीख आहे. वर्षभर त्यांच्यावर चार ओळी लिहायच्या म्हणतेय, पण "जरा निवांत वेळ मिळाला की लिहू" यातच वर्ष गेलं. हे वाक्य अण्णांच्या कानावर पडलं असतं तर माझी धडगत नव्हती.

म्हणून आत्ता गॅसवर राजमा चढवलाय. सहा शिट्ट्या होतील तेवढ्यात लिहून पोस्ट करायचं. आज नाही झालं तर कधीच होणार नाही, हे मला माहीत आहे.

अण्णा म्हणजे रिटायर्ड सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे, नंतर आमच्याजवळ गाझियाबादला. स्वयंपाकघरात सासूबाईंनी त्यांना एकच काम दिलं होतं. शिट्ट्या मोजायच्या आणि तिसरीला गॅस बंद करायचा.

त्यांनी तिथे चौकीच उभारली. गॅससमोर खुर्ची, पाठ ताठ, आणि मधल्या वेळात हाताला काहीतरी काम. मटार सोलणं, बूट पॉलिश, गीझरवाल्याला फोन. कुकर उतरेपर्यंत ते काम संपलेलं असायचं.

पहिली झाली. पटापट लिहिते.

हळूहळू घरातली सगळी कामं ते शिट्ट्यांत मोजायला लागले.

"अण्णा, कपाट आवरायचंय."

"किती शिट्ट्यांचं?"

"अहो, अख्खा दिवस जाईल."

"मग एक कप्पा आवर. तीन शिट्ट्यांत होतोय."

तेव्हा मी प्रॉडक्टिव्हिटीच्या नादी लागले होते. फोनमध्ये ढीगभर ॲप्स, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. एक ॲप तर पाणी प्यायची आठवण करायचं. अण्णांनी ते बघितलं.

"तहान लागत नाही का गं तुला?"

एवढंच विचारलं. मी ते डिलीट केलं.

बँकेतली प्रमोशनची परीक्षा मी दर वर्षी पुढे ढकलत होते. रोजचं गुरुग्रामला जाणं-येणं, घर, मुलीची शाळा. रविवारी बसते अभ्यासाला, असं म्हणायचे.

"हा मोकळा रविवार आला की मला पण भेटव," अण्णा म्हणाले. "मी काय अजून बघितला नाही त्याला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खुर्चीशेजारी माझं स्टूल. सकाळचा कुकर चढला की पुस्तक उघडायचं, गॅस बंद झाला की मिटायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी.

"बस. बाकीचं उद्या."

बँकिंगच्या नियमावलीत पुढे काय होतं याची उत्सुकता लागलेली मी जगातली पहिली बाई असेन.

दुसरी.

धडा सोपा असला की वरण. अवघड असला की राजमा, कारण त्याला सहा शिट्ट्या लागतात. संध्याकाळी ते विचारायचे, "उद्याचा विषय कसला?" मी तोंड वाकडं केलं की गुपचूप राजमा भिजत घालायचे.

"हा आपला वाघ्या घेवडाच गं. दिल्लीकडं येऊन राजमा झालाय."

त्या हिवाळ्यात आम्ही इतका राजमा खाल्ला, की वरच्या मजल्यावरच्या भाटिया आंटी म्हणाल्या, "आप लोग तो हमसे ज़्यादा पंजाबी हो गए, जी."

एकदा व्हिडिओ कॉलवर आमच्या साहेबांनी वैतागून विचारलं, "मॅडम, ये पीछे ट्रेन जा रही है क्या?"

मागून अण्णांचा आवाज. "दूसरी है, साहब. एक बाकी है. तब तक जो बोलना है बोल लीजिए."

साहेबांनी खरंच तिसरीच्या आत मीटिंग संपवली. अख्ख्या ब्रँचने मला चहा पाजला.

मी पास झाले. पेढा घेऊन गेले तर अण्णांनी हात आडवा धरला.

"पेढा राहू दे. आता महिनाभर तेवढा राजमा करू नकोस. मला सोसत नाही गं तो."

"मग इतके दिवस कशाला खाल्लात?"

"विषय अवघड होता ना तुझा."

तिसरी झाली. उठायचं नाही. राजमा आहे, अजून वेळ आहे.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी वरण होतं. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

मग चौथी झाली.

आमच्या घरात वरणाची चौथी शिट्टी कधी कुणी ऐकलेली नव्हती. हेडफोन काढून धावले तेव्हाच मला कळलं होतं.

खुर्चीत ताठ बसलेले. मांडीवर ताट, त्यात अर्धे सोललेले मटार.

तेव्हापासून आमच्याकडे वरण पातेल्यात शिजतं. आज सकाळी कुकर मीच खाली काढला. काल संध्याकाळी राजमा भिजत घातला होता, कारण आजचा विषय वरणावर भागण्यासारखा नव्हता.

चौथी.

बसलेय. टाइप करताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि अण्णांच्या खुर्चीत बसल्या. वर्षभर त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

"अजून दोन ना?"

"हो."

त्यांनी ओट्यावरचं मटाराचं ताट ओढून घेतलं. डोळे पुसत सोलताहेत. मीही रडतेय आणि लिहितेय.

पाचवी.

अण्णा, तुमची फार आठवण येते. मोकळा रविवार मला अजूनही भेटलेला नाही.

सहावी. गॅस सासूबाईंनी बंद केला.

झालं लिहून, अण्णा. पहारा बदललाय, आता तुम्ही आराम करा.

सुभेदारसाहेबांना त्यांच्या सुनेची भावपूर्ण श्रद्धांजली.